काळी आणि पांढरी

वऱ्हाडातल्या जुन्या गावांत मातीला दोन नावं आहेत. काळी म्हणजे वावराची माती, जिच्यात कपाशी आणि तूर येते. पांढरी म्हणजे गावठाणाची माती. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटतात, राख सांडते, भुई शेणानं सारवली जाते, मातीच्या भिंती पावसात खचतात आणि त्यांच्यावरच नव्या उभ्या राहतात. अशी जागा हळूहळू उंचावते आणि तिचा रंग फिकट होत जातो. धाब्याच्या घरांवर पसरायला लोक हीच माती आणत, कारण ती पावसाचं पाणी सहज आत उतरू देत नाही. गाव उठून गेलं, नाव विसरलं गेलं, तरी पांढरीचं टेकाड मागे राहतं. पुरातत्त्वाचा अभ्यासक नदीकाठानं चालताना आधी असं टेकाड शोधतो आणि मग त्याच्यावर सांडलेली खापरं.

बुलडाणा जिल्ह्यातलं नांदुरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचं गाव. त्याच्या उत्तरेला पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत तापीला जाऊन मिळते. या पूर्णेच्या काठी, शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात, भोन नावाचं गाव आहे. तिथल्या पांढरीच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुनं नगर निघालं. त्याच्याकडे या प्रकरणाच्या शेवटी वळायचं आहे. पण भोन नीट कळायचं असेल तर आधी आणखी दोन गावगाडे पाहायला हवेत. एक त्याच्याहून हजार-बाराशे वर्षं जुना, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा. दुसरा अगदी अलीकडचा, पाचशे वर्षांपूर्वीचा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या इंका लोकांचा. या तिघांची एकमेकांशी ना गाठ ना ओळख. प्रश्न मात्र तिघांपुढे तोच होता: चांगल्या सालाचं धान्य आणि पाणी वाईट सालापर्यंत कसं पोचवायचं?

घोडनदीकाठची कणगी

इनामगाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. तोवर महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचं चित्र बहुतेक लेणी, शिलालेख आणि राजघराण्यांवरून रंगवलं जाई. इनामगावनं ते चित्र मागे नेलं. इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षं शेतकऱ्यांचं एक गाव एकाच जागी नांदलं. त्याचं घर, अंगण, चूल, कोठार आणि दफन असं सगळं रोजचं जगणं मातीतून वर आलं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंचसं या एका टेकाडानं दिलेलं आहे.

या लोकांच्या संस्कृतीला अभ्यासक ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, आणि चाकावर घडवलेली, तांबूस रंगाची, काळ्या रेषांनी रंगवलेली, तोटी असलेली भांडी प्रथम नीट ओळखली गेली. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असतात की बोटानं टिचकी मारली तर खणखणीत वाजतात.

इनामगावच्या भरभराटीच्या काळातलं घर आयताकृती होतं. बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचा आधार, गवताचं छप्पर. आत चूल. रांजण कलंडू नये म्हणून जमिनीत बसवलेले चार सपाट दगड. आणि एका बाजूला मातीचा गोल, थोडा उंच ओटा. हा ओटा कशासाठी, ते वऱ्हाडातल्या कुणाही आजीला विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. तुराट्यांची किंवा बांबूची कणगी विणायची, शेणमातीनं आतून-बाहेरून लिंपायची आणि ओल लागू नये म्हणून जमिनीपासून थोडी वर ठेवायची. इनामगावच्या कणग्या केव्हाच कुजून गेल्या, पण त्यांची बैठक तीन हजार वर्षं जागेवर राहिली. ज्यांचं कणग्यांवर भागत नसे, त्यांच्याकडे जमिनीत खणून चुन्यानं लिंपलेले बळदासारखे खड्डे होते. जोंधळा साठवायचं पेव ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा प्रकार नवा नाही.

कणग्यांत काय असे? मुख्यतः जव. त्याच्याबरोबर गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. दावणीला गाई-बैल, सोबत शेळ्या-मेंढ्या, कधी हरणाची शिकार, कधी नदीतला मासा. मासे धरायचे तांब्याचे गळही सापडले आहेत. गावात कुंभार होता, त्याची भट्टी होती. मणी घडवणारे होते, चुना भाजणारे होते. समुद्रावरून शंख येत होते. म्हणजे गाव नदीकाठी एकटं पडलेलं नव्हतं, दूरच्या वाटा त्याला माहीत होत्या.

गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचं घर निघालं. बाकीच्या घरांच्या मानानं ते मोठं होतं, आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार होतं. उत्खनन करणाऱ्यांनी हे घर गावाच्या प्रमुखाचं मानलं आणि कोठार सगळ्या गावाचं. गावच्या कडेला आणखी एक मोठं काम उघडं झालं. सुमारे दोनशे मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा खणलेला पाट, आणि त्याच्या बाजूनं दगडमातीचा बांध. पुराचं पाणी वळवायचं आणि तेच शेतीला द्यायचं, अशी त्याची योजना असावी. दोनशे मीटर पाट एका घराच्या हातानं होत नाही. गाव एकत्र आलं, कुणीतरी मोजमाप केलं, कुणीतरी माणसं लावली, आणि इतक्या माणसांना जेवण कुठून तरी आलं. कोठार आणि पाट एकाच गावात सापडतात, त्यांचा एकमेकांशी संबंध आहे.

डब्यातली देवी आणि पाय कापलेले पूर्वज

एका घरात जमिनीखाली मातीचा लांबट डबा पुरलेला होता, झाकणासकट. आत स्त्रीची छोटी कच्च्या मातीची मूर्ती. झाकणावर दुसरी स्त्री, तिला डोकंच नाही. तिच्याशेजारी बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटात एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवरही एक छिद्र आहे. दोन्हींत काडी घातली की ती देवी बैलावर नीट बसते. सगळं हाताच्या ओंजळीत मावेल एवढं. मूल सुखरूप जन्मावं, पाचवी नीट पार पडावी, म्हणून ज्या घरांत सटवाईची पूजा होते, त्यांना या डब्यामागची काळजी समजेल. इनामगावच्या बायकांना ती काळजी रोजचीच होती, कारण तिथे सापडलेल्या दफनांत मोठा वाटा लहान मुलांचा आहे. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घरातच, भुईखाली पुरत.

मोठ्या माणसांनाही घराबाहेर नेत नसत. त्यांना भुईखाली आडवं निजवत, पण घोट्याखालचे पाय कापून टाकत. मेलेल्यानं उठून जाऊ नये, घरातच राहावं, अशी त्यामागची भावना अभ्यासक सांगतात. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र याहून वेगळं दृश्य दिसलं. कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट फुगलेला मोठा रांजण, आणि त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसवलेला. गुडघे मुडपून, पाय शाबूत. सोबत पुरलेल्या एका मडक्यावर वल्ह्यांच्या नावेचं चित्र होतं. मृत्यूनंतरही पाय राखण्याचा मान त्या गावानं ज्याला दिला, तो माणूस त्यांच्यासाठी कोण होता, हे सांगायला शिलालेख लागत नाही.

अँडीजच्या उतारावर

इथून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. नांदुऱ्याच्या बाजारात मक्याचे ढीग असतात, लाल मिरचीची पोती, भुईमूग, बटाटे. ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडाची. इनामगावच्या माणसानं यांतलं एकही पाहिलेलं नव्हतं, आणि ज्ञानेश्वरांच्या काळातल्या ताटातही यांतलं काही नव्हतं. पोर्तुगीजांनी समुद्रमार्गानं ती भारतात आणली, ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. बटाटा प्रथम पिकवला तो अँडीजमध्ये, तितिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारांवर. हल्ली महागड्या दुकानांत मिळणारा किनोआ हा तिथलाच, आणि तो आपल्या चाकवताचा सख्खा नातेवाईक आहे. राजगिऱ्याच्या कुळातलं एक धान्यही त्या डोंगरांत पूर्वापार खाल्लं जातं.

या पिकांवर इंकांचं राज्य उभं होतं. कुस्को ही त्यांची राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाच्या काळापासून ते झपाट्यानं पसरलं, आणि शंभर वर्षांत आजच्या इक्वाडोरपासून चिलीच्या मध्यापर्यंत पोचलं. लिपी नाही, पैसा नाही, गाड्यांना चाक नाही, घोडा नाही, लोखंड नाही. ओझं वाहायला उंटाच्या कुळातला लामा, आणि तोही पंचवीस-तीस किलोच नेणारा. तरीही त्यांचे रस्ते मिळून तीस हजार किलोमीटरांहून अधिक भरतात. २०१४ मध्ये युनेस्कोनं या रस्त्यांच्या जाळ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे सगळं चाललं माणसांच्या हातांवर, आणि ते हात कसे एकत्र येत हे मराठी शेतकऱ्याला सांगायला परके शब्द लागत नाहीत. इंकांच्या गावाचा पाया होता भावकी, तिला ते आय्यु म्हणत. भावकीची जमीन सामाईक, आणि प्रत्येक जोडप्याला पोटापुरता तुकडा वाटून दिलेला. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या शेतात, ही रीत ते ‘आयनी’ नावानं पाळत. आपण तिला सावड म्हणतो. एखाद्याचं मोठं काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ती ‘मिंका’. आपली इर्जिक तीच. आणि राज्यासाठी पाळीपाळीनं द्यायचे कामाचे दिवस, म्हणजे ‘मिता’. रस्ता बांधणं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं रचणं, पाट खणणं, सैन्यात जाणं, हे सारं मितातून होई. या तिसऱ्या रीतीला मराठीत वेठ म्हणावंसं वाटेल, पण एक फरक होता. पाळीवर आलेल्या माणसाचं जेवण आणि मक्याची दारू राज्य देई. त्यासाठी राज्याकडे भरलेली कोठारं असावी लागत.

ती होती. इंकांची कोठारं, त्यांच्या भाषेत कोल्का, डोंगरउतारावर ओळीनं बांधलेली असत. उतारावर वारा खेळता राहतो, पाणी साचत नाही. पेरूमधल्या उआनुको पाम्पा या एका ठाण्याजवळच सुमारे पाचशे कोठारं सापडली. बोलिव्हियातल्या कोचाबांबा खोऱ्यात एका ठिकाणी दोन हजारांवर. त्यांत मका, बटाटा, कापड, दोर, वहाणा. कोठारात किती आलं आणि किती गेलं याचा हिशोब दोरीवर ठेवत. एका जाड दोरीला लोंबणाऱ्या अनेक दोऱ्या आणि त्यांच्यावरच्या गाठी, हा त्यांचा किपू. गाठींची जागा एकं, दहं, शतं सांगे. अमेरिकी अभ्यासक लेलँड लॉक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आकड्यांचा भाग उलगडला.

बटाटा पावसाळ्यानंतर सडतो. इंकांच्या घरातल्या बाईनं त्यावर काढलेला उपाय पाहिला की आपल्याकडचं उन्हाळी वाळवण आठवतं. थंडीच्या दिवसांत लहान बटाटे उघड्यावर पसरायचे. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात. मग ते अनवाणी पायांनी तुडवायचे, म्हणजे आतलं पाणी आणि साल निघते. पुन्हा गोठवायचे, पुन्हा वाळवायचे. शेवटी हातात उरतो तो हलका, कडक, दगडासारखा ‘चुन्यो’. तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या बाया कडक उन्हाचा उपयोग करून कुरडया आणि बटाट्याचे काप वाळवतात. तिकडच्या बायांनी उन्हाबरोबर हाडं गोठवणारी रात्रही कामाला लावली. पेरू आणि बोलिव्हियात चुन्यो आजही घरोघरी होतो.

पूर्वजांच्या बाबतीत मात्र इंका आणि इनामगाव यांचं साम्य पाहून थबकायला होतं. इंकांचा राजा मेला की त्याचा देह वाळवून, गुडघे मुडपून, बसलेल्या स्थितीत ठेवत. त्याला वस्त्रं नेसवत, सणाला चौकात आणत, त्याच्यापुढे जेवण ठेवत. त्याची जमीन आणि वाडा त्याच्याच नावानं राही आणि त्याची भावकी ते सांभाळी. घोडनदीकाठच्या रांजणातला बसलेला माणूस आणि कुस्कोच्या चौकातला बसलेला राजा यांच्यात किमान दोन हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे. गेलेल्याला घरातून न घालवण्याची ओढ मात्र एकच.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का इथे फ्रान्सिस्को पिसारोनं आताउआल्पा या इंका राजाला कैद केलं. त्यानंतरची कित्येक वर्षं स्पॅनिश सैन्य इंकांच्याच कोठारांतलं धान्य खात होतं. पुढे १५७० च्या दशकात स्पॅनिश सत्तेनं ‘मिता’ हा शब्द उचलला आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींत हजारो माणसं त्याच नावाखाली जुंपली. पाळी राहिली, पण माणसाला पोसण्याची जबाबदारी गेली. तेव्हा मिताची खरोखर वेठ झाली.

कोरडी सालं

इनामगावचा शेवट कुणी परक्यानं केला नाही. इ. स. पू. १००० च्या सुमारास घरं बदलायला लागली. आयताकृती, ऐसपैस घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला. शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर भार वाढला. भांडी ओबडधोबड झाली. पाऊस कमी होत गेला आणि शेती परवडेनाशी झाली, असा निष्कर्ष उत्खनन करणाऱ्यांनी काढला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं. एका पिढीत नव्हे, तर तीनशे वर्षं झगडून उठलं. आधी पोटाचा घास बदलला, मग घर बदललं, आणि शेवटी जागा सोडली. मराठवाड्यातून ऊसतोडीला आणि वऱ्हाडातून कामासाठी शहरांकडे निघणाऱ्या कुटुंबांचा क्रमही याच पायऱ्यांनी जातो. म्हणून इनामगावची ती गोल घरं बघताना जीव तुटतो.

पूर्णेच्या खाऱ्या पाण्यात

आता भोन. डेक्कन कॉलेजच्या भा. चं. देवतारे यांच्या पथकानं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे उत्खनन केलं. मौर्य काळापासून सातवाहन काळापर्यंतची वस्ती, विटांनी बांधलेला स्तूप, नाणी, भांडी, आणि पाण्याच्या अनेक योजना समोर आल्या. यांतल्या शेवटच्या गोष्टीपाशी थांबायला हवं. भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, ज्यांना वलयकूप म्हणतात, त्या इथे मोठ्या संख्येनं सापडल्या. त्याखेरीज पाण्याचा कालवाही सापडला.

हे पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. बुलडाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. खोल विंधन विहीर घेतली तरी हाती येतं ते खारं पाणी. शेतीला दिलं तर काळी चिबडते आणि कडक होते, आणि प्यायलं तर शरीर सोसत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांतल्या घरांना हे कुणी समजावून सांगायला नको. अशा ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी नगर वसवलं, म्हणजे पाणी हा त्यांच्या कारभाराचा पहिला विषय असणारच. काठावर राहायचं, नदीचं गोडं पाणी वळवून आणायचं, विहिरींना आतून कडी बसवायची. भोनची माणसं खारपाणपट्ट्याशी लढली, आणि त्यांची अवजारं त्या टेकाडात पडून आहेत. या खोऱ्यात माणूस गोड्या पाण्यावर कसा जगला, याचा इतका जुना पुरावा विदर्भात फार थोड्या जागी आहे. हा पुरावा स्तूपाइतकाच मोलाचा आहे.

आज त्याच पूर्णेवर, नांदुरा तालुक्यात, जिगाव सिंचन प्रकल्प उभा राहतो आहे. खारपाणपट्ट्याला गोडं पाणी मिळावं हीच त्याची गरज, आणि ती गरज खरी आहे. भोनची पांढरी या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. म्हणजे पाणी मिळवण्याच्या या पिढीच्या धडपडीखाली त्याच धडपडीची दोन हजार वर्षांपूर्वीची खूण जाणार आहे. धरण थांबवा, असं म्हणण्याचा हक्क दूर बसून लिहिणाऱ्याला नाही. पण पाणी चढण्याआधी जे मोजता येईल, रेखाटता येईल आणि उचलून सुरक्षित जागी नेता येईल, ते सगळं झालं पाहिजे. स्तूपाच्या विटांबरोबर विहिरींची कडी आणि कालव्याचा उतारही नोंदला गेला पाहिजे.

पूर्णाकाठच्या वाचकांना आणखी एक विनंती. पांढरीची माती ट्रॉलीनं शेतात नेऊन टाकण्याची रीत या भागात जुनी आहे, आणि तिच्यापायी अनेक टेकाडं सपाट झाली आहेत. वावराशेजारच्या एखाद्या उंचवट्यावर तांबूस, काळ्या रेषांची किंवा चकाकणारी काळी खापरं दिसली, भाजलेल्या मातीचं मोठं कडं दिसलं, किंवा नेहमीपेक्षा मोठ्या विटा दिसल्या, तर तिथलं खणणं थांबवावं. जागेवरच फोटो काढावा, गट क्रमांक लिहून ठेवावा आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं.